चमचाभर म्हावरं

“कोंडू आपल्या पायानं गावदेवीच्या पायरीला जाईस्तोवर त्याच्या तोंडाला म्हावरं लावू नको गो. मी नवस बोललीय.”

हे रंभेचे शेवटचे शब्द. थोरल्या जावेचा थंड होत चाललेला हात धरून गुणाबाई तेव्हा ‘होय’ म्हणाली होती. आणि आता तिच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमच्यात म्हावऱ्याचं तेल.

कोंडू समोर बसला होता. तो नेहमी बसलेलाच असायचा. तिसरं वर्ष सरत आलं तरी उभं राहवत नव्हतं. पाय धनुकलीसारखे वाकलेले, मनगटं जाड झालेली. रंभेची आधीची दोन पोरं गेली, म्हणून याला नजर लागू नये यासाठी सासू धोंडूबाईनं माजघराच्या अंधाराबाहेर काढलाच नव्हता. काल मुरबाडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, “मुडदूस आहे. रोज सकाळच्या उन्हात खेळवा आणि हे तेल पाजा. लढाईमुळं विलायती तेल येत नाही, हे आपल्याच समुद्रातल्या मुशी माशाचं आहे. हाडं धरतील. वेळीच आणलंत, बाई.”

गुणाबाईनं त्यांना वाकून नमस्कार केला होता. बैलगाडी टोकावड्याला येईपर्यंत ती देवीचे आभारच मानत होती. मग बाटलीचं बूच सैल होऊन वास सुटला, आणि रंभेला दिलेला शब्द आठवला.

तेल पाजावं तर नवस मोडतो. न पाजावं तर पोर चालत नाही. आणि पोर चाललं नाही, तर नवस फिटायचाच नाही.

“काय गो, चमचा धरून जप करतेस?” धोंडूबाई उंबऱ्यात उभी होती. सुकटीवाचून हिच्या गळ्याखाली घास उतरत नसे. सरणावर हिला लाकडं कमी घाला पण सुकट घाला, असं अख्खं वैशाखरे गाव म्हणायचं.

गुणाबाईनं रडतरडत सगळं सांगितलं. “देवी कोपली तर, आत्याबाय?”

म्हातारीनं बाटली हुंगली. “शी! असलं घाणेरडं म्हावरं जन्मात नाय बघितलं.” मग म्हणाली, “नवस काय पोरानं बोलला?”

“नाय.”

“मोठ्या माणसानं बोलला. मग म्हावरं बी मोठ्या माणसानंच सोडावं. पाज त्याला.”

“मग मी सोडते, आत्याबाय.”

“तू राबणारी. तुला दोन घास नीट जायला हवेत. आजपासून माझ्या ताटात सुकट वाढू नको.”

गुणाबाईनं चमचा पुढं केला. कोंडूनं तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग चमचा चाटूनपुसून घेतला. गुणाबाईचे हात आपोआप जोडले गेले. देवीला, डॉक्टरांना, की समोरच्या म्हातारीला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

धोंडूबाईनं नातवाला कडेवर घेतलं. त्याच्या डोक्यावरचं फडकं काढून खुंटीला अडकवलं.

“कुठं निघालात?”

“देवीला सांगायला. नवस आता माझ्या नावावर धर म्हणावं. आणि आजचं येणं मोजू नको म्हणावं, आज पोर कडेवर येतंय.”

एवढं बोलून ती अंगणात उतरली. आंब्यांखालची सावलीची पायवाट तिनं सोडली, आणि नातवाला घेऊन बांधावरच्या उन्हात शिरली.