धूमकेतूखालची भिंत

धूमकेतू दिसू लागला तेव्हा मी परसात लेकासाठी खोली बांधत होतो. ऊन उतरल्यावर कामाला लागायचो आणि धूमकेतूच्याच उजेडात, ओळंब्याची दोरी सोडून विटा लावायचो. एवढं तेज मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याची शेपटी अर्ध्या आभाळावर पसरायची.

आठव्या दिवशी सकाळी लेक म्हणाला, "बाबा, भिंत कललीय. उद्या दुसरा गवंडी आणून पाडून घेतो."

पन्नास वर्षांत माझी एकही भिंत वाकडी गेली नव्हती. मी ओळंबा सोडून पाहिला. भिंत खरंच चार बोटं पश्चिमेला झुकली होती.

"म्हातारपणी तुमच्यासारखीच वाकली की हो!" बायको हसली.

दिवसभर मला घास गोड लागला नाही. संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू उजळताच मी तिला परसात नेलं आणि पुन्हा ओळंबा सोडला. आता दोरी थेट भिंतीसारखीच उतरली. दोन्हींचा कल एकच होता.

"अहो, दोरीच तिरकी लटकतेय," ती हळूच म्हणाली.

ओळंब्याचा लोखंडी गोळा धूमकेतूकडे ओढला जात होता. आमच्या डोळ्यांदेखत तो वर चढला, माझ्या मुठीच्याही वर गेला आणि दोरी ताणून तिथंच थांबला. भ्यायला हवं होतं, पण माझी नजर हटेना.

"तुमची भिंत खरी हो," असं म्हणत तिनं माझ्या खांद्याला धरलं.

त्या हाताला वजनच नव्हतं. मी वळून पाहिलं. ती आभाळाकडे बघत हसत होती, आणि तिच्या चपला खाली जमिनीवरच राहिल्या होत्या.