सातची बॅच

"चपला बाहेर," धम्मानंद सोनकांबळे सर म्हणाले. "धूळ जाते मशीनमदी."

प्रियदर्शनीने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि दाराची कडी आतून लावली. लागली की नाही ते ओढून पाहिलं. गेल्या मंगळवारी ती उघडी राहिली होती. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सर चाकूरच्या एसटीत जाऊन बसले होते. चाकूरचा त्यांचा कॉम्प्युटर क्लास बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून ते परत आले.

आज काहीही करून त्यांना इथेच, नांदेडच्या या पुढच्या खोलीत, मशीनसमोर बसवायचं होतं. सातला वीस मिनिटं होती. सातला सरांची पहिली बॅच असे.

आठ दिवस ती लॅपटॉपशी झटत होती. नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करणारा एक प्रोग्रॅम तिला सापडला होता. तो एकेक प्रश्न विचारी. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, फ्लॉपी कोणत्या मापाची. निम्मं तिला कळत नव्हतं. पण तिची दोन वर्षांची लेक मैत्री दुपारी झोपली की प्रियदर्शनीचा हात आपोआप लॅपटॉपकडे जाई. ज्या यंत्रासाठी माणूस एसटी पकडतो, ते चालतं तरी कसं, हे तिला बघायचंच होतं.

तिने यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर आकडे झर्रकन पळाले.

"हे खोटं हाय," सर म्हणाले. "आपली मशीन इतक्या झटक्यात उठत न्हाई. म्हातारी हाय ती." ते उभे राहिले.

"दोन मिनिटं बसा, सर."

"बॅच थांबून राहिली तिकडं."

मैत्रीला कडेवर घेऊन सरांच्या पत्नी सरजाबाई आतल्या दारात आल्या. "चाळीस वर्षांत माझं ऐकलं न्हाई. तुझ्या डब्याचं काय ऐकतेत?"

पेंटियम प्रोसेसर काढून प्रियदर्शनीने त्याहून जुना, संथ फोर-एटी-सिक्स निवडला, मेमरी चारवर आणली. शेवटी फ्लॉपीचा आवाज सुरू करायची एक खूण होती, तीही लावली. पुन्हा सुरुवात.

या वेळी आकडे रांगत रांगत वर चढले. मग लॅपटॉपमधून आवाज आला. खर्र. खर्र.

सर दारापाशी पोचले होते. कडीवरचा हात तसाच राहिला.

"फोर-एटी-सिक्स का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हाव, सर."

"मेमरी?"

"चार."

"आठ करू नका. पोरं गेम टाकतेत."

एवढ्यात आवाज थांबला. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली आणि पुढे काही हलेना. डिस्क बरोबर नाही, असं काहीतरी. सगळं प्रियदर्शनीने तीनदा तपासलं होतं. सातला आठ मिनिटं.

पावलं परत आली. सरांनी वाकून ओळ वाचली.

"फ्लॉपी आतच ठेवली तुमी. लई जण हेच करतेत. मशीन येडी, तिच्यावरूनच उठायला बघती. काढा, आन् कोणतंबी बटण दाबा."

खरी फ्लॉपी कुठेच नव्हती. तिने प्रोग्रॅमच्या यादीत जाऊन खोटी फ्लॉपी काढली आणि बटण दाबलं. सी ड्राइव्हची खूण आली. पुढे छोटी रेघ लुकलुकायला लागली.

सर खुर्चीत बसले. खाली न बघता ते टाइप करू लागले. फायलींची यादी पडद्यावरून वर सरकत गेली आणि ते ती जुन्या गल्लीतून चालावं तशी बघत राहिले.

जवळ आलेल्या सरजाबाईंच्या कडेवरून मैत्री कीबोर्डकडे झेपावली. प्रियदर्शनीने चटकन तिचा हात धरला.

"हिलाबी ॲडमिशन पाहिजे का?" सर हसले. बऱ्याच दिवसांनी.

"आधी मला शिकवा, सर. इथंच. रोज सातला."

"चाकूरला यायचं न्हाई?"

"लेकरू लहान हाय."

सरांनी विचार केला.

"बरं. इथंच घेऊ. पन फॉर्मबिगर मी कुणाला बसवत न्हाई. सरपंचाच्या पोरालाबी बसवलं न्हाई."

त्यांनी वही ओढली, पट्टी लावून रकाने आखले.

"नाव?"

"प्रियदर्शनी."

"शिक्षण?"

"बी.एस्सी."

"वडिलांचं नाव?"

"धम्मानंद व्यंकटी सोनकांबळे."

सरांनी पूर्ण नाव वळणदार अक्षरात, कुठेही न अडखळता लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, "काय करतेत ते?"