दोनदा नाही

"छे छे, मी कसली त्या कामाच्या लायकीची? दुसरं कुणीतरी चांगलं बघा," असं म्हणून तान रुइफेनने मान खाली घातली आणि ती तिसऱ्यांदा विचारलं जायची वाट बघू लागली.

दोनदा नाही म्हणून झालं होतं. चीनमधल्या तिच्या लानचौ शहरात पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरा ठरतो. चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा. आणि इथे तर मिनेसोटातले प्रोफेसर हॅलवर्सन तिला गव्हावरच्या तांबेऱ्याच्या संशोधनात तीन वर्षांची जागा देत होते! ती मिळाली नाही, तर १९८२ च्या या जूनमध्ये व्हिसा संपून ती घरी. ऐन उमेदीची दहा वर्षं सरकारने तिला खेड्यात खत वाहायला धाडलं होतं. आता चौतिसाव्या वर्षी पुन्हा कोण पाठवणार होतं तिला अमेरिकेला?

"बरं, तुमची मर्जी," हॅलवर्सन म्हणाले. "उद्या दुसऱ्या उमेदवाराला कळवतो." त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि ते चालू लागले.

रुइफेनच्या पायाखालची जमीन सरकली. या माणसाला नाही म्हणजे खरंच नाही वाटलं होतं! जळो मेली ती सभ्यता, असं स्वतःलाच म्हणत ती जिन्यावरून धावत सुटली.

"प्रोफेसर! आणखी एकदा विचारा!"

"काय विचारू?"

"तेच! जागा हवी का म्हणून. आमच्याकडे तीनदा विचारतात. आधी दोनदा नाही म्हणायचंच असतं. तुम्ही मधेच सोडून निघालात!"

तिचे कान लाजेने तापले होते. आईने हे ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं.

हॅलवर्सननी टोपी काढून हातात घेतली. "मिस तान, ही जागा तुम्हाला हवी आहे का?"

"हवी आहे! आणि माझ्याइतकं चांगलं काम दुसरं कुणी करणार नाही."

"मग सोमवारी या," ते म्हणाले. पण हसले मात्र नाहीत. कठडा धरून ते पायरीवर मटकन बसले.

"एकोणपन्नास साली शेन नावाच्या चिनी विद्यार्थ्याला मी हेच विचारलं होतं. नको म्हणाला. मग बर्फातून थेट माझ्या घरापर्यंत मुकाट्याने मागे चालत आला. मला वाटलं, तोही तिकडेच राहत असेल."