वर्षाची उपकारस्तुती

"काका, हात खाली नका घेऊ. एकवार परत करू."

सुकलालनं डोळे उघडले. गाल ओले होते. समोर योगेंद्र उभा होता, चर्चच्या मंडळीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांचा पुढारी. स्टँडवर लावलेल्या फोनमागून तो धावत आला होता आणि परीक्षेत पास झाल्यासारखा हसत होता.

"काय परत करू?"

"आत्ता केलं ते. दुसऱ्या कडव्यावर तुमचा आवाज तुटला ना, तिथून. काय भारी होतं काका! पण तेवढ्यात समोरून कोणीतरी गेलं. तुमचा चेहरा अर्धाच आला."

बमरोली भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रविवारची उपासना चालू होती. सत्तर-ऐंशी माणसं उभी होती. बायकोला, प्रमिलाबाईला, जाऊन आज वर्ष झालं, म्हणून सुकलाल रिवाजाप्रमाणे उपकारस्तुतीला, देवाचे आभार मानायला, पुढं मंचावर आला होता. घरच्या माणसानं गीताची पहिली ओळ उचलायची, मग मंडळीनं मागून म्हणायचं. सुकलालनं जन्मात कधी ओळ उचलली नव्हती. ते काम बायकोचं. आणि ती गेल्यापासून तो देवाशी एक शब्द बोलला नव्हता. कापडाच्या कारखान्यात मागावर उभा राहायचा, घरी येऊन दोन भाकरी थापायचा, झोपायचा. भांडायलासुद्धा तोंड उघडलं नव्हतं त्यानं.

आज उघडलं. "तुझ्या हातचं होतं, तुझ्या हाती गेलं." कशीबशी ती ओळ निघाली, आणि दुसऱ्या कडव्यावर हात आपोआप वर गेले.

"तुम्ही तसेच उभे राहा," योगेंद्र सांगत होता. "कीबोर्ड हळू सुरू होईल. तुमचे हात वर गेले की मी खूण करीन, मग सगळ्यांनी हात वर करायचे. मग ड्रम. मावशी, जरा डावीकडे सरका, तुमच्यामागं पंखा येतोय."

मावशी सरकल्या. पदरही सारखा केला.

"आणि मला रडू नाही आलं तर?" सुकलालनं विचारलं.

"येईल हो. नाहीच आलं तर नुसते डोळे पुसा. बाकी आम्ही करू."

सुकलालनं वळून पास्टरकडं पाहिलं. प्रवीण पास्टर हातातलं पवित्र शास्त्र मिटून, त्यात बोट घालून उभे होते.

"दोन मिनिटांचं काम आहे, सुकलालभाऊ," ते म्हणाले. "आपल्या चॅनलवर किती लोक बघतील. कोणाचं तरी मन वळेल."

"पास्टर, मी देवाशी बोलत होतो. त्यानं पहिल्यांदा ऐकलं नाही का?"

"त्यानं ऐकलं. लोकांपर्यंतही जायला हवं ना?"

"लोकांना तुम्ही सांगा. तुमचं काम आहे ते. मी लोकांशी बोलत नव्हतो."

कोणीतरी मागं खोकलं. सुपडू, प्रमिलाबाईचा सख्खा भाऊ, पुढं आला आणि त्यानं सुकलालची बाही धरली. "जाऊ द्या ना दाजी. पोरे शेतस, पोरंच ती."

सुकलालनं बाही सोडवली. "योगेंद्र, मघाचं पुसून टाक."

"काका! ते तर खरंखुरं आहे. अर्धा चेहरा आला म्हणून काय झालं? आत्ताचं त्याला मागून जोडायचं."

"माझ्या बायकोचं वर्ष आहे आज. पूस म्हणतो ना!"

एवढ्या मोठ्यानं तो कारखान्यातही कधी बोलला नव्हता. पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. योगेंद्रनं पास्टरकडं पाहिलं. पास्टरांनी घड्याळाकडं पाहिलं.

"पोरांनी तीन रविवार बसून हे गीत बसवलंय," पास्टर हळूच म्हणाले. "त्यांचंही मन आहे."

"पास्टर, एक करू का?" योगेंद्रचा चेहरा उजळला. "काका नको म्हणतात तर राहू दे. सुपडूमामा उभे राहतील. अंगानं दोघं सारखेच आहेत. मामांना पाठमोरं घेऊ, कोणाला कळणार नाही."

सुकलालला वाटलं, आता सुपडू एक ठेवून देईल त्याला. सख्ख्या बहिणीचं वर्ष होतं.

सुपडूनं इकडं तिकडं पाहिलं. मग खिशातून कंगवा काढला.

"कुठं उभं राहू?" त्यानं विचारलं.

कीबोर्ड सुरू झाला. प्रमिलाबाई जे गीत भांडी घासताना म्हणायची, ते आता लग्नाच्या वरातीसारखं वाजायला लागलं. सुपडू जागेवर जाऊन उभा राहिला. मावशींनी हात आधीच अर्धे उचलले होते. योगेंद्र फोनमागं गेला आणि त्यानं बोटं वर केली. "एक... दोन..." सगळ्यांचे हात वर गेले, ड्रमही सुरू झाला.

सुकलाल मंचावरून खाली उतरला. सरळ फोनकडं चालत गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. इतका जवळ, की छाती फोनला टेकायला चार बोटं उरली. फोनमधलं चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. आता तिथं सुपडू नव्हता, मंडळी नव्हती, दिवे नव्हते. त्याच्या सदऱ्याचं एक बटण होतं, ताटलीएवढं.

ड्रमवाला थांबला. मग कीबोर्डही थांबला. सत्तर-ऐंशी माणसं हात वर करून त्या बटणाकडं बघत राहिली.

"काका, बाजूला व्हा ना," योगेंद्र रडकुंडीला आला. "काहीच दिसत नाहीये!"

"मग डोळे मीट," सुकलाल म्हणाला. "उपासना चालू आहे."