अल्ताफभाऊंचा मेक अप

धानोऱ्याच्या अल्ताफ टेलरने ईदला निम्म्या गावाचे कपडे वेळेत शिवून दिले, बायकोचा सूट तेवढा राहून गेला. तीन दिवस झाले, जमीला त्याच्याशी बोलत नव्हती.

माजघरात त्यांची दहावीतली मुलगी अरीबा इंग्रजीचे अर्थ मोठ्याने पाठ करत होती, "मेक अप म्हणजे चेहरा रंगवणं. मेक अप म्हणजे भांडण मिटवणं..."

अल्ताफने ते ऐकलं आणि मशीन थांबवून तो चुलीपाशी गेला.

"जमीला, तुया सूटसाठी नागपूरहून खास लेस येऊन राह्यली, म्हणून थांबलो. मले तुया इसर कसा पडंन?"

माजघरातून अरीबाचा आवाज आला, "मेक अप म्हणजे मनानेच गोष्ट रचून सांगणं."


जमीलाला हसू आवरेना. "पोरगी बराबर शिकून राह्यली," ती म्हणाली.