काचेला कागद

हे लिहिणारच न्हवतो. चारदा टाईप केलं, चारदा पुसलं.

माझा दोस्त विश्वजीत, आमचा विश्या, मारामारीच्या केसमधी कळंबा जेलात हाय. पोलीस न्यायला आले तवा त्यानं पुरीएवढं कासवाचं पिल्लू माझ्या हातात दिलतं. "भावा, एवढं जगव."

पहिलं दोन महिनं ते घमेल्यात नीट खायचं. मग चांगलं घर म्हणून माशांची काचेची टाकी आणली. खाली माती पसरली, वर पोल्ट्रीतला बल्ब लावला, कोवळं गवत टाकलं. पण ते गवताकडं बघायलाच तयार न्हाय. दिवसभर काचेवर डोकं आपटतंय. आईनं त्याच्या पाठीवर हळद-कुंकू बी वाहिलं. सहा दिवस झालं, एक घास न्हाय.

दर सोमवारसारखं विश्याला भेटायला जेलात गेलो. मधी काच, कानाला फोन. पलीकडं विश्या निम्मा झालता.

"विश्या, मरतंय रं ते!"

"येड्या, काचेतनं त्याला बाहेरचं दिसतंय, म्हणून जायाला बघतंय. चारी बाजूनं कागद लाव. दिसायचं बंद झालं की खातंय बघ."

"आन् तू का खाईनास?"

त्यानं मधल्या काचेवर बोट ठेवलं. "तू येऊन गेलास की दोन दिवस घास उतरत न्हाय. पुढच्या सोमवारपास्नं येऊ नगंस."

घरी येऊन टाकीला पेपर चिकटवला. संध्याकाळपर्यंत गवत संपलं.



विश्या, पटलं. न्हाय येत. पण तू सुटशील त्या दिवशी जेलच्या गेटवर तुझं कासव घेऊन मी उभा असणार, शब्द हाय माझा.