दोन मापांची पावलं

दुकानाचं दार हेमांगीसाठी उघडलंच नाही. वरचं यंत्र म्हणालं, "परतावा लाटणाऱ्या ग्राहकांना प्रवेश नाही."

"काय केलंत ताई?" रखवालदाराने विचारलं.

"माझ्या या लेकीचा डावा पाय उजव्यापेक्षा लहान आहे. म्हणून दोन मापांचे जोड घेतले आणि उरलेले दोन बूट परत पाठवले. खोक्यात तशी चिठ्ठीही ठेवली होती."

"चिठ्ठी वाचायला तिथं माणूस कुठाय आता?"

लेकीची शाळा सोमवारी सुरू होणार होती. हेमांगीने तिला कडेवर घेतलं, मोजे काढले आणि दोन्ही इवली पावलं कॅमेऱ्यासमोर धरली. लेक गुदगुल्यांनी हसली. दार हललं नाही.

"पुन्हा पुन्हा दाखवलं की यंत्र शिकतं म्हणतात ना, दादा?"

"म्हणतात खरं."

"मग उद्यापासून डबा घेऊनच येतो आम्ही," म्हणत तिने पावलं आणखी वर धरली.